नमुन्याच्या घरातलं पाणी

बाबूजींनी बाटलीचं झाकण उघडलं, बाटली तोंडाजवळ नेली आणि तशीच खाली घेतली. मग ते स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत गेले, तिथून पोर्चमध्ये, आणि पोर्चचं लोखंडी फाटक खांद्यानं ढकलून रस्त्यावर. रस्ता अजून व्हायचा होता, नुसता मुरूम पसरलेला होता. एप्रिलमधलं अकराचं ऊन. रविता ओट्याजवळ उभी होती आणि खिडकीच्या नव्या, अजून कागद न काढलेल्या काचेतून तिला ते तुकड्यातुकड्यांत दिसत होते : दुपट्ट्याचं टोक, वर गेलेली हनुवटी, बाटलीतून पडणारी पाण्याची धार आणि तिच्यासोबत खालीवर होणारा गळा. अर्धी बाटली संपवून त्यांनी मिशा पुसल्या, झाकण घट्ट लावलं आणि ते पुन्हा घरात आले. काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं त्यांनी बाटली तिच्या हातात दिली.

"बाबूजी, इतक्या उन्हात बाहेर काऊन गेले?" कैलाश म्हणाला. तो बिल्डरचा माणूस. गिऱ्हाइकांना घरं दाखवणं हे त्याचं काम. "अंदर पंखा है, कुर्सी है."

"बेटीच्या घरचं पाणी आमच्यात नाही पेत बापा."

कैलाश मोठ्यानं हसला. "ये तो सॅम्पल है, बाबूजी! नमुना. हे कोणालेच विकायचं नाही. मॅडमचं घर तर तिकडे, चार नंबर, त्याचं प्लास्टर बाकी आहे. इथं तुम्ही बाल्टी भरून प्या."

"असू दे," बाबूजी म्हणाले. "आता तर पिऊन झालं."

रवितालाही हसू आलं होतं, निदान ओठ हलले होते. पण परतताना ऑटोत बाबूजींच्या शेजारी बसल्यावर ती ते सगळं मनातल्या मनात तपासू लागली. पाणी बाटलीतलं होतं. बाटली तिची, तिच्या भाड्याच्या खोलीतल्या माठातून सकाळी भरलेली. त्याच माठातलं पाणी बाबूजी दर खेपेला पितात. पथरीचा, म्हणजे मुतखड्याचा, त्रास सुरू झाल्यापासून डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून ते बिरसीजवळच्या गावाहून तपासणीला येतात, तिच्या खोलीवर दुपारची पाठ टेकतात, तिच्या हातचा भात खातात, लोटाभर पाणी पितात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातात. म्हणजे प्रश्न पाण्याचा नव्हता. पाणी तेच, पिणारा तोच, देणारी तीच. बदललं होतं ते फक्त डोक्यावरचं छप्पर. आणि तेही अजून तिचं झालेलं नव्हतं, होणारही नव्हतं, कारण तो नमुना होता. एका चलाचा परिणाम पाहायचा तर बाकीची स्थिर ठेवावीत, हे ती भौतिकशास्त्राच्या पहिल्याच तासाला मुलांना सांगत आली आहे. बाबूजींनी नकळत किती स्वच्छ प्रयोग करून दाखवला होता.

"बाबूजी," ती ऑटोच्या आवाजात म्हणाली, "तो नियम दिलेल्या मुलीचा. दान दिलं, मग तिथलं घ्यायचं नाही. मला कुठं दिलंय तुम्ही?"

बाबूजी बाहेर बघत होते. "अन् माझ्या खोलीवर पिता ते?" तिनंच पुढे विचारलं.

"ते तर तुझ्या घरमालकाचं, श्यामलालचं घर. तिथं मी श्यामलालचं पाणी पेतो," ते म्हणाले आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन त्यांनी ऑटोवाल्याकडे बघितलं. "बरोबर की नाही, भाऊ?" ऑटोवाल्यानं आरशातून मान हलवली. त्याला काहीच ऐकू आलेलं नव्हतं.

तिला हे घर हवं होतं ते बाबूजींसाठीच, असं ती आतापर्यंत धरून चालली होती. चार नंबरच्या खालच्या मजल्यावर, जिन्याला लागून, एक लहान खोली होती. पूर्वेला खिडकी, लागूनच न्हाणीघर, जिना चढायचं काम नाही. पहिल्यांदा ती घर बघायला एकटी गेली तेव्हा त्या खोलीत उभं राहून तिनं खाट कुठल्या भिंतीला लागेल ते मनात ठरवून टाकलं होतं, आणि खाटेखाली त्यांच्या वहाणा. आई, रामकली, गेल्यापासून बाबूजी टिकेशच्या, तिच्या धाकट्या भावाच्या घरी एका कोपऱ्यात आकसून राहतात. कोणी त्यांना काही बोलत नाही, पण कोणी त्यांच्याशी बोलतही नाही. इथे दवाखाना जवळ आहे. सकाळी कॉलेजला जाताना त्यांना चहा देता येईल. या विचाराला ती घराच्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा मानत होती. विरुद्ध बाजूला बरंच काही होतं. एका रांगेत नऊ घरं, प्रत्येकाच्या दोन्ही भिंती शेजाऱ्यांशी सामायिक. स्वयंपाकघर पश्चिमेला, म्हणजे उन्हाळ्यात संध्याकाळी भट्टी. शिवाय ती सगळी जागा कालपरवापर्यंत धानाची बांधी, भाताचं खाचर, होती. मागच्या कुंपणापलीकडे अजून आहेच, उन्हाळी धान तिथं हिरवंगार उभं आहे, पायाखालच्या जमिनीहून हातभर खाली. भरलेली जमीन बसते, आणि सगळीकडे सारखी बसत नाही. पहिल्या खेपेला तिनं पर्समध्ये प्रयोगशाळेतला लोलकाचा पोलादी गोळा नेला होता. कैलाश फोनवर बोलत असताना तिनं तो बैठकीच्या फरशीवर ठेवला. गोळा क्षणभर विचार केल्यासारखा थांबला आणि मग सावकाश, पण न चुकता, शेजारच्या भिंतीकडे घरंगळत गेला. भिंतीला टेकून राहिला. तो उचलायला ती वाकली तेव्हा तिचा तळवा भिंतीला लागला होता. भिंत गार होती, पण पलीकडून कुणीतरी ठोकत असल्यासारखा एक बारीक कंप तिच्यात होता. पलीकडे मजूर काम करत असतील. पण ते घर तर रिकामं होतं; कंप त्याच्याही पलीकडून, भिंतीभिंतींतून येत असणार. तिनं चौकशी केली नाही.

भिंत म्हटली की तिला धुराच आठवायचा. त्यांच्या बांधीला लागून छोटेलालकाकांची बांधी होती आणि मधे धुरा, म्हणजे मातीचा बांध, कमरेएवढा उंच, वर माणसाला चालता येईल इतका रुंद. दरवर्षी पेरणीआधी बाबूजी आपल्या बाजूनं फावड्यानं धुरा छिलायचे, गवत काढतो म्हणून. छोटेलालकाका त्यांच्या बाजूनं. कोणी कोणाला काही म्हणायचं नाही. दोघंही फावडं टेकून तंबाखू मळायचे, बैलांची चौकशी करायचे. रविता सातवीत असताना एका श्रावणात तो धुरा फुटला. दोन्ही बांध्यांचं साचलेलं पाणी रात्रीतून खालच्या नाल्यात गेलं आणि सकाळी दोन्हीकडची रोपं चिखलात आडवी पडलेली होती. दोघं दोन बाजूंना उभे राहून मधल्या फटीकडे बघत होते. "धुरा पातळ झाला होता," छोटेलालकाका म्हणाले. "होय," बाबूजी म्हणाले, "पातळच झाला होता." जणू धुरा आपला आपण वाळून बारीक झाला. तेव्हापासून रविताला सामायिक गोष्टींची भीती वाटते. तिथं कोणी वाईट असावं लागत नाही. दोन्हीकडून थोडं थोडं छिललं जातं.

टिकेशचा फोन दुसऱ्या दिवशी आला. बाबूजींनी घरी जाऊन पाण्याची गोष्ट सांगितली होती, आणि सांगताना त्यात बहुधा मीठमसालाही घातला होता, कारण टिकेश हसत होता. "बाई, तू एवढी शिकलीस अन् बुढा तुले हरवून गेला." मग तो गंभीर झाला. "मी का म्हणतो, तू घर बाबूजीच्याच नावानं घे ना. मंग बेटीचं घर कुठं राहिलं? बापाच्या घरी बाप पाणी पेईल, तू बी राहशील. बात खतम."

"आणि नंतर?" तिनं विचारलं.

"नंतर म्हणजे?"

"काही नाही."

"सोनिका बी तेच म्हणून राहिली," टिकेश म्हणाला. सोनिका म्हणजे त्याची बायको. "बाबूजी तिकडे राहिले तर त्यायले दवाखाना होते. आमची काही जबरदस्ती नाही हो."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ त्याचा आवाज पुन्हापुन्हा मनात ऐकत राहिली. प्रयोगातलं शंकास्पद वाचन दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा घ्यावं तसं. 'नंतर म्हणजे' यात एक पळाचा उशीर होता का? सोनिकाचं नाव त्यानं घेतलं ते सहज की कुणीतरी बाजूला उभं होतं म्हणून? बाबूजींच्या नावावरचं घर बाबूजींनंतर निम्मं टिकेशचं, हे त्याला माहीत नाही असं होईल का? शेतकरी माणसाला बाकी काही नसेल पण हे माहीत असतं. पण तिला शाळेत सायकलवर डबलसीट घेऊन जाणारा, तिला नागपूरच्या वसतिगृहात तांदळाची पिशवी पोचवायला जनरल डब्यात उभ्यानं आलेला टिकेश, त्याच्या एका वाक्यातली फट ती भिंगाखाली धरून बघत होती. बघवत नव्हतं आणि नजर हटतही नव्हती. धुरा असाच पातळ होत असणार. फावडं हातात आहे हे आपल्याला कळतसुद्धा नाही.

खोली सोडायची वेळ मात्र जवळ येत चालली होती. श्यामलाल आणि शकुंतलाबाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावरची ही खोली, मागे गच्ची, गच्चीच्या कडेला नळ. ती पहिल्यांदा आली तेव्हा त्यांचा ओमेश तिच्याकडे पाढे म्हणायला यायचा. आता त्याला मुली सांगून येत होत्या. शकुंतलाबाई जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या, "मैडम, आप तो घर की हो. कोई जल्दी नहीं. बस, बच्चे की शादी हो गयी तो ऊपर का कमरा… आप समझ रही हो ना?" "हो, हो," रविता म्हणाली. "आप अपना घर देख रही हो, अच्छा है. औरत का अपना घर होना चाहिए." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "अकेली रहोगी उतने बड़े घर में?" त्यांच्या प्रश्नात खोच नव्हती, खरी काळजी होती, आणि तीच जास्त लागली. वर येऊन रवितानं खोलीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत भिंतीला एकही खिळा नव्हता, कारण पहिल्याच दिवशी श्यामलालजी म्हणाले होते, खिळे ठोकू नका, प्लास्टर कच्चं आहे. आईचा फोटो ती कपाटावर उभा करून ठेवते, आणि पंखा जोरात असला की तो हळूहळू सरकत कडेला येतो.

तर मग घ्यावं. घेतलं तर बाबूजी तिथं राहणार नाहीत. येतील, पोर्चमध्ये बसतील, तहान लागली की उठून मुरमाच्या रस्त्यावर जातील, आणि रांगेतल्या इतर आठ घरांच्या खिडक्यांमधून लोक बघतील की मॅडमचा बाप बाहेर उभा राहून पाणी पितो. किंवा येणारच नाहीत. दवाखान्यातून परस्पर गाडीला. पाणी कमी होईल, पथरी वाढेल. तिला त्यांच्या मूत्रपिंडाचं चित्र दिसायचं, सोनोग्राफीच्या कागदावर होतं तसं, राखाडी, आणि त्यात एक पांढरा ठिपका. न घेतलं तर दुसरी खोली, दुसरा श्यामलाल, आणि बाबूजी तिथं पाणी पितील. म्हणजे बापाला पाणी पाजायचं तर तिनं कायम दुसऱ्याच्या घरात राहायला हवं. हे इतकं हास्यास्पद होतं की वर्गात सांगितलं असतं तर मुलं बाकं बडवून हसली असती. पण दाढी करताना कापलं तरी बाबूजी रक्ताकडे बघत नाहीत, तसे नियम पाळताना स्वतःच्या त्रासाकडेही बघत नाहीत. तिची आत्या सासरी मरायला टेकली होती तेव्हा आजोबा दोन दिवस तिच्या उशाशी बसले होते, आणि जेवायला शेजारच्या पाटलाकडे जात होते. हे घरात कौतुकानं सांगितलं जायचं. लहानपणी तिनंही ते कौतुकानंच ऐकलं होतं. आत्याला काय वाटलं असेल, हे कोणी सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी कैलाशनं फोन केला. चार नंबरला आणखी एक पार्टी आहे, मॅडमनं सोमवारपर्यंत हो की नाही कळवावं, नाहीतर साहेब त्यांना देऊन टाकतील. तो असंच म्हणणार हे तिला माहीत होतं. तरी तिनं सोमवारपर्यंतचे दिवस मोजले. त्या दिवशी अकरावीच्या मुलांचं वार्षिक प्रात्यक्षिक होतं. एक मुलगी व्हर्नियर कॅलिपरनं गोळ्याचा व्यास मोजत होती, आणि तिची सगळी वाचनं एकमेकांशी जुळत असूनही उत्तर चुकत होतं. ती रडकुंडीला आली. "मॅडम, मी तीनदा मोजलं. बरोबरच येते." रविता सवयीनं म्हणाली, "मोजण्याच्या आधी जबडे मिटून बघितलेस का? शून्य कुठंय ते बघ आधी. वाचन बरोबर आहे, सुरुवात दुसरीकडून झालीय." मुलीनं जबडे मिटवले. शून्यावर शून्य आलं नाही. "अरे हो," ती म्हणाली आणि तिचा चेहरा सुटला. रविता मात्र टेबलाच्या कडेला हात टेकून उभी राहिली. ती इतके दिवस पाण्यापासून मोजत होती. घर पाहिलं ती सकाळ पाण्यापासून सुरू झालेली नव्हती.

त्या सकाळी बाबूजी आले तेच मुळी कडक इस्त्रीचं धोतर नेसून. दवाखान्याला येताना ते पायजमा घालतात. खांद्यावर दुपट्टा, तोही लग्नाकार्याचा. तिनं विचारलं तेव्हा "असंच" म्हणाले होते. नमुन्याच्या घरात शिरताना उंबऱ्याशी थांबून त्यांनी वर चौकटीकडे पाहिलं होतं आणि लाकडावर नख दाबून बघितलं होतं. मग नळ. प्रत्येक नळ सोडून पाणी किती जोरानं येतं ते पाहिलं, आणि विचारलं, "उन्हाळ्यात बी येते?" बाजार किती दूर. रस्त्यावर रात्री उजेड असतो का. बाजूच्या घरी कोण येणार आहे, कुठले आहेत, नोकरी कोणती करतात. कैलाशनं "अच्छे लोग हैं" म्हटल्यावर समाधान न झाल्यानं ते म्हणाले होते, "अच्छे म्हणजे कसे? दारू पेत नाहीत ना?" तेव्हा तिला संकोच वाटला होता. म्हातारं माणूस उगाच चौकशा करतं म्हणून. पण त्या चौकशा तिनं आधी ऐकल्या होत्या. छोटेलालकाकांच्या मुलीचं, देवकीचं, लग्न जमत होतं तेव्हा बाबूजी आणि काका आमगावच्या बाजूला घर पाहायला गेले होते, आणि परत येऊन ओसरीत बसून त्यांनी बायकांना सगळं ओळीनं सांगितलं होतं : चौकट सागाची आहे, विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहते, बाजूचे लोक सज्जन आहेत, कोणी पेत नाही. मुलगी द्यायच्या आधी बापानं घर पाहायचं असतं. असाच दुपट्टा घेऊन जायचं असतं. काकांनी तीन मुलींची घरं पाहिली. बाबूजींना एकच मुलगी, आणि तिच्यासाठी जायची वेळ कधी आली नाही. स्थळं यायची, पत्रिका यायच्या, ती एमएस्सी करते म्हणायचे, मग नोकरी लागली म्हणायचे, मग आईचं आजारपण, आणि मग कोणी काही म्हणेनासं झालं. तिला वाटायचं, त्यांनी तो विषय सोडून दिला. तिनं सोडला तसाच.

म्हणजे त्या घरात ते पाहुणे म्हणून आलेच नव्हते. एवढी वर्षं घडी करून ठेवलेला दुपट्टा काढून बाप मुलीचं घर पाहायला आला होता. त्यानं चौकट पाहिली, पाणी पाहिलं, शेजार पाहिला, आणि स्वयंपाकघरापर्यंत पोचेतो त्याचं मन ठरलेलं होतं. नमुना असो की चार नंबर, त्याला फरक पडत नव्हता. बाटली तोंडाजवळ नेता नेता त्यानं मुलगी देऊन टाकली होती.

रवितानं मुलीच्या वहीवर सही केली. हलकं वाटायला हवं होतं, आणि एका बाजूनं वाटतही होतं, पण पेच तोच होता, उलट अधिक नेमका. आता घर न घेणं म्हणजे बापानं पसंत केलेलं स्थळ मोडणं. आणि घेणं म्हणजे पूर्वेच्या खिडकीची ती खोली रिकामी ठेवणं, कायमची. त्यांना तिथं ठेवण्याचा एकच मार्ग होता, घर तिचं नसणं. टिकेश म्हणाला ते कपटानं असो की सरळपणानं, गणित बरोबर होतं. बापाच्या घरात बाप पाणी पिईल. मग ती कोण असेल? आतापर्यंत होती तीच. बापाच्या घरी राहिलेली मुलगी, न दिलेली. दोनपैकी एकच मिळणार होतं, बापाची सोबत किंवा दिलेल्या मुलीचं स्वतःचं घर, आणि दोन्ही त्यांच्याचकडून. ती रस्त्यानं चालत घरी आली, ऑटो न करता. उन्हानं डोकं दुखू लागलं. वर खूप उंचावर बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान वळसा घेत होतं, आणि त्याच्या घरघरीत तिला आपलं सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून मोजायची इच्छा झाली. पण मोजायला काही उरलं नव्हतं.

रविवारी बाबूजी आले. पायजम्यात. दवाखान्याचा कागद दाखवून म्हणाले, डॉक्टर म्हणते ठीक आहे, पाणी वाढवा. रवितानं भात वाढला, वरण, आंब्याचं लोणचं. शकुंतलाबाईंनी खालून पापड पाठवले होते. जेवण झाल्यावर ते भिंतीला टेकून बसले आणि तिनं माठातलं पाणी ग्लासात भरून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ग्लास उचलला, वरूनच पाणी ओतून अर्धा संपवला.

"बाबूजी, ते घर घेऊन राहिली मी," ती म्हणाली. "माझ्या नावानं."

त्यांनी ग्लास खाली ठेवला नाही. त्यातलं पाणी एकदा गोल फिरवलं. खाली अंगणात श्यामलालजी कुणालातरी गाडी बाजूला लाव म्हणून ओरडत होते.

"टिकेश म्हणत होता माझ्या नावानं घे म्हणून."

"हो."

"मी म्हटलं त्याले, मले कायले घर? मी का नवरदेव आहो?" ते म्हणाले आणि गालातल्या गालात हसले. मग हसू गेलं. "कोणत्या महिन्यात जाशील राहायले?"

"दिवाळीच्या आसपास. प्लास्टर व्हायचंय. वाळायला वेळ द्यायला पाहिजे, नाहीतर ओल धरते."

"होय, वाळू दे नीट. घाई नोको करू." त्यांनी उरलेलं पाणी एका दमात पिऊन टाकलं, मिशा पुसल्या, आणि रिकामा ग्लास तिच्यासमोर धरला.

"अजून दे," ते म्हणाले. "दिवाळीपर्यंत तर पेता येते."